डाग वाढला म्हणजे गाठ वाढली?

खारघर स्टेशनात सकाळी लोकल थांबली की उतरणाऱ्यांत काखेत मोठं पाकीट धरलेले दोनचार जण हमखास दिसतात. रिक्षावाल्याला ‘टाटा’ म्हटलं की पुरे, तो ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या इथल्या कर्करोग केंद्राला सोडतो. मेंदूच्या गाठीचा रुग्ण असेल तर आत गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: “जुन्या फिल्म आणल्यात ना?”

या प्रश्नामागे शंभरेक वर्षांची खटपट आहे. १९१९च्या सुमारास अमेरिकी मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूचा एक्स-रे काढत. डोकेदुखी इतकी भयंकर, की उपचार चालू असताना पुन्हापुन्हा ते करणं शक्यच नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनजवळच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात ब्रिटिश अभियंते हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रात पहिली रुग्ण गेली आणि कवटी न उघडता गाठ दिसली. पुढे एमआरआय आला, १९८८मध्ये एमआरआयच्या चित्रात उठून दिसणाऱ्या गॅडोलिनियम या औषधाचं इंजेक्शन आलं.

खरी मेख इथेच आहे. पडद्यावर पांढरं चमकतं ती गाठ नव्हे, गळती. गाठीजवळच्या रक्तवाहिन्या झिरपतात आणि हे औषध तिथे साचतं. उपचार लागू पडतोय का हे ठरवणाऱ्या १९९०च्या मॅकडोनाल्ड निकषांनी या पांढऱ्या डागाच्या लांबी-रुंदीचा गुणाकार धरला: निम्म्याने घटला तर प्रतिसाद, २५ टक्क्यांनी वाढला तर आजार वाढला. स्टेरॉइडनेही गळती कमी होते, म्हणून त्याचा डोसही हिशेबात घेतला. शहाणपणाचंच होतं ते.

पण २००५पासून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाला रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध देऊ लागले आणि हिशेब फिसकटला. रेडिएशननंतरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये डाग फुगलेला दिसे, घरचे हबकत, आणि पुढे औषध तेच ठेवूनही काहींचा डाग आपोआप ओसरे. उलट, रक्तवाहिन्यांवर काम करणारं बेव्हासिझुमॅब हे औषध दिलं की गळती बंद होऊन डाग झटपट फिका पडे, गाठ मात्र आत पसरत राही. म्हणून २०१०च्या रॅनो या तज्ज्ञगटाच्या नव्या निकषांनी बजावलं: रेडिएशननंतर पहिले १२ आठवडे केवळ डाग वाढला म्हणून आजार वाढला म्हणू नका, रेडिएशनच्या पट्ट्याबाहेर नवा डाग दिसला किंवा गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत सिद्ध झालं तरच म्हणा.

२०२३च्या सुधारित रॅनो निकषांनी तर मोजणीची सुरुवातच हलवली. नव्या रुग्णासाठी ऑपरेशननंतरचा नव्हे, रेडिएशन संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी काढलेला एमआरआय पाया धरायचा. पाकिटातली ती एक फिल्म घरी विसरली, तर मोजायचं कशाशी?