मूल वाढतं, कॉक्लिया नाही

ऐकू न येणाऱ्या बाळाला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे बाहेरच्या मशीनने पकडलेला आवाज आतल्या कानात घातलेल्या वायरमधून करंटने थेट नसेला पोचवणारं यंत्र, करायचं ठरलं की घरातलं कुणीतरी, बहुतेक आजीच, विचारते की अहो पोर मोठं झालं की आतली वायर आखूड नाही का पडणार? प्रश्न एकदम रास्त आहे, पण गंमत अशी की कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला तो गोगलगाईच्या शंखासारखा भाग, जन्मतःच पूर्ण साइजचा असतो. वाढतं ते डोकं, म्हणून सर्जन कानामागच्या हाडात थोडी वायर सैलच सोडतात.

ऑस्ट्रेलियन सर्जन ग्रॅम क्लार्क यांनी मेलबर्नला 1978 मध्ये त्यांचं पहिलं बरेच चॅनल असलेलं, म्हणजे वेगवेगळे सूर वेगवेगळ्या जागी पोचवणारं, इम्प्लांट बसवलं. अमेरिकेत 1990 मध्ये 2 वर्षांवरच्या मुलांसाठी परवानगी मिळाली, म्हणजे तेव्हाची ती चिमुरडी आता चाळिशीच्या दारात आलीत. आतल्या भागात बॅटरीच नसते, वीज आणि सिग्नल दोन्ही बाहेरच्या कॉइलमधून त्वचेपलीकडे जातात, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो. कधी डोक्याला जोरात मार लागून किंवा सर्किट बिघडून बंद पडलाच तर परत ऑपरेशन करून नवा बसवता येतो.

खरा ताप बाहेरच्या मशीनचा, म्हणजे प्रोसेसरचा. घाम, पावसाळ्यातली दमट हवा, तुटणारी केबल, रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेवायचं, आणि काही वर्षांनी कंपनी सांगते की या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत. नवा प्रोसेसर लाखांत जातो. लहानपणीच्या ऑपरेशनला केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी योजना) मदत मिळू शकते, पण पोर विशीत गेल्यावर प्रोसेसर कोण घेऊन देणार हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या ऑपरेशनचं बजेट काढून भागत नाही.

एक जमेची बाजू, आतलं जुनंच ठेवून नवा प्रोसेसर लावला तरी आवाज सुधारू शकतो, कारण आवाजाची फोड करायचं सगळं डोकं बाहेरच्या मशीनमध्ये असतं. पण मर्यादा राहतेच. निरोगी कानात ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या साधारण 3500 केसपेशी असतात आणि त्यांच्या जागी इथे फार तर दोनेक डझन इलेक्ट्रोड, म्हणजे वायरवरचे करंट सोडणारे धातूचे ठिपके, त्यात कॉक्लियातल्या पाण्यात करंट पसरतो, शेजारशेजारचे सूर एकमेकांत मिसळतात. म्हणून समोरासमोर मस्त गप्पा मारणारी मुलगी कॉलेजच्या कँटीनमध्ये गडबडते, आणि गाण्याचा ठेका लगेच पकडला तरी चाल ओळखताना अडखळते. तिचं लक्ष नसतं असं नाही हो.

लवकर इम्प्लांट करायची घाई कशाला, तर मेंदूसाठी. साधारण साडेतीन वर्षांच्या आत आवाज पोचला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग बराचसा नेहमीसारखा तयार होतो, सातनंतर ते फार अवघड जातं. त्यानंतर स्पीच थेरपी आणि मॅपिंग. मॅपिंग म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट द्यायचा ते सेट करणं, आणि ते मोठेपणीही अधूनमधून करावं लागतं.

वयात आल्यावर काहीजण मशीन काढूनच ठेवतात, काहींना साइन लँग्वेजवाली मित्रमंडळी जास्त जवळची वाटतात, तर काहीजण दोन्हीकडे मजेत असतात. एमआरआय करायचा तर आधी आतल्या मॅग्नेटबद्दल सांगावंच लागतं, त्यामुळे इम्प्लांटचं कार्ड कायम पाकिटात. आणि झोपताना मशीन काढलं की सगळं शांत, सकाळचा अलार्म ऐकू येणार नाही, म्हणून हॉस्टेलला राहणारी मुलं उशीखाली थरथरणारं घड्याळ ठेवतात.