बेने इस्राएल समाज आणि कोशर जेवण (ठाणे)

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोर, शआर हशामाईम नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचं दार’, स्थापना 1879 ची. शहरातला बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू समाज याच्याभोवती एकत्र येतो, आणि मुंबईबाहेरच्या मराठी ज्यूंमध्ये हा मोठा गट मानला जातो. घरची भाषा मराठीच, आडनावं पेणकर, रोहेकर, चौलकर अशी गावांवरून आलेली. जुनी माणसं सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची.

समाज मूळचा कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या किनाऱ्यावरचा. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून वंश वाढला ही कथा सगळ्यांना माहीत असते, पण हे कधी झालं यावर एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इ. स. पू. 175 च्या आसपासचा काळ सुचवला. त्यांचा एक मुद्दा असा की बेने इस्राएलांना हनुक्का हा सण पूर्वी माहीतच नव्हता, आणि हनुक्का ज्या घटनेवरून, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पुन्हा पवित्र केल्यावरून, सुरू झाला ती इ. स. पू. 164 ची, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले असणार. तर्क चांगला आहे, पण दूर पडलेल्या छोट्या समाजातून एखादा सण गळून जाणं सहज शक्य असतं, त्यामुळे एवढ्यावरून तारीख ठरवणं धाडसाचं वाटतं. दुसरं मत इ. स. पाचव्या-सहाव्या शतकात येमेन किंवा इराणकडून आल्याचं. मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस याच्या साधारण 1200 च्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता एवढंच ठाऊक असल्याचा उल्लेख येतो, तो यांच्याविषयीच आहे असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. ‘बेने इस्राएल’ या नावाचा स्पष्ट उल्लेख 1738 मधल्या एका मिशनऱ्याच्या पत्रात मिळतो. जनुकीय अभ्यासांत मध्यपूर्वेकडचा आणि स्थानिक असा दोन्ही वारसा दिसतो आणि त्यांची सरमिसळ काही शतकांपूर्वीची, साधारण मध्ययुगातली निघते. म्हणून फार जुनी तारीख सावधपणेच घ्यावी.

गावोगाव तेलघाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून शेजारी यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. पुढे लष्कर, रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे कुटुंबं मुंबई-ठाण्याकडे सरकली.

कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारं जेवण, हा विषय नीट समजून घ्यायचा तर आधी सणांची जुनी नावं बघावीत, कारण हिब्रू पोथ्या हाताशी नसताना धर्म टिकला तो बराचसा स्वयंपाकघरात. रोश हशाना या ज्यू नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणत, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. तिशा बआव हा मंदिराच्या नाशाचा शोकदिवस म्हणजे ‘बिरड्याचा सण’, मोड आलेल्या वालाच्या बिरड्यावरून. सगळ्यात बोलकं नाव पेसाहचं, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाचं, ‘अनशी ढाकाचा सण’. अनशी म्हणजे आंबट द्रव साठवलेलं भांडं, ते या दिवसांत झाकून ठेवायचं. आंबवलेलं चालत नाही हा नियम इथे स्पष्ट दिसतो, कारण सांगता आलं नसेल तरी कृती हातात राहिली. ही नावं किती जुनी आणि बेने इस्राएलांना ज्यू धर्माचे विधी शिकवणारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या डेव्हिड रहाबीच्या शिकवणीनंतरची कोणती यावर वाद आहे, रहाबी नेमका कोण आणि कोणत्या शतकातला हेच नक्की नाही. पण नावं हिब्रू नसून मराठी आहेत यावरून तरी त्यातली काही शिकवणीच्या आधीचीच असावीत असं म्हणणं जास्त पटतं.

रोजच्या जेवणात मुख्य नियम दोन, मांस आणि दूध एकत्र नाही, आणि माशाला पर व खवले दोन्ही हवेत. पापलेट, रावस, बांगडा चालतो. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, मुशी नाही. मटणाला दही किंवा साय लावायची नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधात होतो, जो कोकणात तसाही होतोच, त्यामुळे शेजाऱ्याला ताटात वेगळं काही जाणवतही नाही. मटण मिठात ठेवून मग धुवून रक्त काढलं जातं. किद्दूशला, म्हणजे शब्बाथ आणि सणांच्या पेयावरच्या आशीर्वादाला, द्राक्षाच्या वाईनऐवजी मनुका भिजवून केलेलं सरबत घेतात. नव्या वर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून चिकाचा हलवा करतात, आणि तो ढवळून ढवळून हात दुखतात. पेसाहआधी घर धुऊन, चुना लावून, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची पद्धत होती.

खरा प्रश्न मांसाचा. नियमाप्रमाणे जनावर कापणारा माणूस शिकलेला लागतो. पूर्वी हे काम काजी (समाजाचेच धार्मिक प्रमुख) करत, पुढे हजान, म्हणजे सिनेगॉगमधला प्रार्थना म्हणणारा, आणि तोच लग्नं आणि प्रार्थनाही चालवायचा. असा माणूस जवळ नसेल तर कुटुंबं मासे, अंडी आणि भाजीवर भागवतात. म्हणून अशा शहरात कोशर म्हणजे हॉटेलवरचा शिक्का नसून घरातली शिस्त आणि एका जाणकाराची उपलब्धता आहे, हे बाहेरून बघणाऱ्याने लक्षात घ्यावं.

मलिदा हा विधी नवस फेडताना, लग्नाआधी आणि झाडांच्या नववर्षाला होतो. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं स्तवन. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण म्हणून एक खडक दाखवतात, तिथेही हा विधी होतो. मलिद्याचं मूळ काही जण जेरुसलेमच्या मंदिरातल्या अन्नार्पणात शोधतात, तर काही जण हा शब्द दर्ग्यांवरही चालतो याकडे बोट दाखवतात. शब्द आणि पदार्थ इथल्या परिसरातून आला आणि त्याला ज्यू अर्थ दिला गेला, हे जास्त संभवनीय दिसतं.

1948 च्या सुमारास भारतात बेने इस्राएल अंदाजे 20 हजार होते. त्यानंतर बहुतेक इस्रायलला गेले, तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच धर्मगुरूंनी शंका घेतली आणि 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव करून ती मोडीत काढली. 2011 च्या जनगणनेत भारतातले सगळे ज्यू मिळून साधारण साडेचार हजार होते. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद इथल्या मराठी घरांतही मलिदा होतो.