पेलाभर पाण्याचा दाब

माझ्या घोरण्याची आमच्या घरात सगळ्यांना सवय झाली होती, घोरणं थांबलं की मात्र बायको उठून बसायची. म्हणजे घर्र घर्र चाललेलं एकदम बंद, छाती-पोट हलायलंय पण नाकातून श्वास नाही, तिनं एकदा मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोजलं तर ३४ सेकंद, मग हुंदका दिल्यासारखा मोठा आवाज करून मी कूस बदलली आणि परत घर्र घर्र सुरू. सकाळी ती हे सगळं सांगायली आणि मी म्हणतोय, काहीही काय, मी तर रात्रभर गाढ झोपलो होतो. आता गाढ झोपलेला माणूस दुपारी बँकेच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगतो का, हे काही मला तेव्हा सुचलं नाही. जिंतूर रोडला गाडी चालवताना डोळा लागला आणि खडी वाजली तेव्हा जागा झालो, त्यानंतर मग परभणीहून संभाजीनगरला जाऊन स्लीप स्टडी केली. अंगाला वायरी लावून झोपवतात. रिपोर्ट आला, एएचआय ४१. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास एक तर पूर्ण थांबला किंवा बराच कमी झाला, आणि थांबला म्हणजे कमीत कमी १० सेकंद, त्याच्या खालचं मोजतच नाहीत. ५ च्या आत असेल तर नॉर्मल, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया.

हे नेमकं काय होतं ते मला डॉक्टरांच्या चित्रापेक्षा शेतातल्या लपेटा पाईपनं जास्त कळलं. मोटर चालू असली की लपेटा पाण्यानं फुगून गोल होतो, बंद केली की चपटा. हाच लपेटा कुणी मोटरच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, जोडला तर? आतल्या ओढीनं त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतील आणि पाणी येणारच नाही, म्हणून तर सक्शनला कडक पाईप लागतो. आपला घसा म्हणजे सक्शनला लावलेला लपेटा आहे. श्वास घेताना आत ओढ तयार होते, आणि जिभेमागच्या भागाला हाड नाही, कूर्चा नाही, तो नुसत्या स्नायूंच्या जोरावर उघडा असतो. जागेपणी हे स्नायू ताठ, झोपेत ढिले. त्यात मानेभोवती चरबी असली, जबडा लहान किंवा मागे असला, उताणं झोपल्यानं जीभ मागं पडली की भिंती चिकटल्या. (म्हणून हा फक्त जाड माणसांचा आजार नाही, आमच्या डॉक्टरकडं माझ्याआधी नंबर होता तो माणूस काडीसारखा होता.) ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, दोन-तीन सेकंदांची जाग येते जी सकाळी आठवत नाही, घसा उघडतो, हुंदका. असं तासाला ४१ वेळा.

आणि एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं, ती म्हणजे रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. मी शुगर तपासली, प्रोस्टेटची सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. होतं असं की बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीच्या आत ओढ तयार होते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं रक्त जास्त झालंय, पाणी कमी करा, आणि ते एक हार्मोन सोडतं जे किडनीला लघवी तयार करायला लावतं. दुखणं गळ्यात आणि चकरा बाथरूमच्या!

यावरचा उपाय म्हणजे सीपॅप, मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन, लांब नाव कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर. १९८० पर्यंत या आजारावर खात्रीचा एकच इलाज होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट बदलायची. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरनं डोकं लावलं की भोक पाडण्यापेक्षा नाकातूनच हवेचा दाब देऊन घसा फुगवून ठेवला तर काय होईल. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली, ओढायच्या ऐवजी फुंकायला, आणि पेशंटच्या नाकाच्या मापाचा मास्क बनवून तो रोज रात्री चक्क चिकटवायचे. १९८१ ला ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात ५ पेशंटचा पेपर आला. आपण आज मास्कचा पट्टा टोचतो म्हणून कुरकुर करतो, त्या लोकांनी नाकाला मास्क चिकटवून घेतला होता.

दाब किती असतो तर ४ ते २० सेंटीमीटर पाण्याचा. माझा १० वर सेट आहे. म्हणजे किती, ते घरी बघता येतं. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरा, साधारण दहाएक सेंटीमीटर खोल असतो, शहाळ्याची नळी तळाला टेकवा आणि हळू हळू फुंका. नळीतून पहिला बुडबुडा सुटतो तेव्हा तुमच्या तोंडात जेवढा दाब असतो ना, तेवढाच. बाहेरच्या हवेचा दाब याच मापात हजार सेंटीमीटरच्या वर भरतो, म्हणजे मशीन त्यात एक टक्का भर घालतं, बस्स. तेवढ्यानं लपेटा गोल राहतो. ऑक्सिजन वगैरे काही नाही, खोलीतलीच हवा. हे मी आमच्या नात्यात निदान वीस जणांना सांगितलं असेल, कारण २०२१ साली कोविडमध्ये लोकांनी आयसीयूत असे मास्क लावलेली माणसं बघितलीत, त्यामुळं मास्क दिसला की पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "ऑक्सिजनवर हायेत का आता?"

पहिल्या रात्री मी ४० मिनिटं टिकलो. एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यावर जसं होतं तसं, श्वास घेता येतोय पण सोडता येत नाही. यात माझी भित्री वृत्ती वगैरे काही नव्हती, शरीर तसंच बनलंय. एरवी श्वास सोडायला आपण काहीच करत नाही, ताणलेली छाती आपोआप खाली बसते, आणि इथं समोरून दाब येतोय म्हटल्यावर मेंदू म्हणतो कुणीतरी तोंड दाबलं. यासाठी मशीनमध्ये रॅम्प असतो, ४ पासून सुरू होऊन अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू दाब चढतो, तोवर तुम्ही झोपलेले असता. शिवाय श्वास सोडताना दाब थोडा उतरवायची सेटिंग असते. माझ्या मशीनमध्ये दोन्ही होत्या आणि दोन्ही बंद होत्या. विकणाऱ्यानं डबा दिला, प्लग दाखवला, पैसे मोजले, झालं. आठ दिवसांनी फॉलोअपला गेलो तेव्हा टेक्निशियन पोरीनं दोन बटणं दाबली आणि माझं निम्मं दुखणं गेलं. तिनंच सांगितलं, दिवसा मास्क लावून टीव्ही बघा, झोपायचं नाही, नुसतं बसायचं. मग रोज संध्याकाळी बातम्या मास्क लावून. नातू मला बघून हत्ती म्हणायला लागला, चालतंय.

खरी लढाई मशीनची नसते, मास्कची असते. रात्री दोन वाजता फुर्रर्र आवाज होऊन डोळ्यावर वारा यायला लागला की माणूस काय करतो, पट्टा आवळतो. अजून लीक होतं, अजून आवळतो, सकाळी नाकावर लाल व्रण. उलटं करायचं असतं. मास्कच्या कडेला सिलिकॉनचा पातळ पदर असतो, तो हवेनं फुगून चेहऱ्याला बसतो, आवळला की तो चुरगळतो आणि सुरकुतीतून हवा निसटते. झोपल्यावर, मशीन चालू असताना, मास्क चेहऱ्यावरून जरासा उचलून परत ठेवायचा, पदर फुगू द्यायचा, मग पट्टा लागेल तेवढाच. बसून घट्ट केलेला मास्क झोपल्यावर ढिला होतो कारण आडवं झाल्यावर गाल सरकतात. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात कळलं की रात्री डोक्याला तेल लावून झोपायची आमची पिढीजात सवय सिलिकॉनला मानवत नाही, तेलानं मास्क घसरतो आणि हळूहळू पदर खराब होतो. आता तोंड साबणानं धुऊन झोपतो, तेल सकाळी. मिशीचंही तेच आहे, झुपकेदार मिशी आणि नाकाचा मास्क यांचं जमत नाही, मी मिशी बारीक केली, पण ज्याला मिशी प्यारी त्यानं नाकपुड्यांत बसणारे छोटे पिलो घालावेत. मास्कला पुढं बारीक भोकं असतात त्यातून वारा येतो, ते लीक नव्हे, सोडलेली हवा तिथूनच बाहेर जाते, ती कधी बुजवायची नाहीत. आमच्याकडं तो झोत थेट बायकोच्या मानेवर जायचा, शेवटी आम्ही बाजू बदलल्या.

मराठवाड्याचं म्हणून काही वेगळंच असतं. ह्युमिडिफायर म्हणजे मशीनला जोडलेली पाण्याची डबी, हवा ओलसर करते म्हणजे नाक कोरडं पडत नाही, आणि आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की तिच्याशिवाय नाकातून रक्त येतं. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला असं सांगतात. मी आठ दिवस बोअरचं घातलं. आमच्या बोअरचं पाणी असं की गिझरचा रॉड वर्षाला बदलावा लागतो, डबीच्या तळाला पांढरा थर बसला, खरवडला तरी निघेना, शेवटी व्हिनेगरमध्ये भिजवून काढला. कारण साधं आहे, पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागं राहतो. हिवाळ्यात दुसरा खेळ, ओलसर गरम हवा गार पडलेल्या नळीतून जाताना थेंब धरते आणि पहाटे नळीत हुक्क्यासारखं गुडगुड वाजतं, नाकावर पाणी. नळी गोधडीच्या आतून घ्यायची आणि मशीन उशीच्या उंचीच्या खाली ठेवायचं म्हणजे जमलेलं पाणी उतारानं परत जातं. फिल्टर तर विचारू नका, तुरीच्या सुगीत पंधरा दिवसांत काळ्या मातीच्या रंगाचा झाला होता, तेव्हा वाटलं एरवी ही माती जाते कुठं, तर अर्थात आपल्याच नाकात.

लाईट गेली तर गुदमरून मरणार का, हा प्रश्न सगळे विचारतात. नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं आहे, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, दाब गेला की ती आपोआप उघडते. फक्त त्या वेळापुरता अ‍ॅप्निया परत येतो. इन्व्हर्टरवर मशीन चालतं, करंट खाते ती ह्युमिडिफायरची हीटर प्लेट, ती बंद ठेवली की रात्र निघते. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, तिथं मी एक्स्टेंशन बोर्ड ओढून मशीन नेतो. पहिल्या दिवशी शेजारच्या गच्चीवरून तीन पोरं टॉर्च मारून बघत होती.

आता खरं खरं सांगायचं तर सीपॅप म्हणजे जादू नाही. २०१६ ला सात देशांतल्या २७१७ हृदयाच्या किंवा पॅरालिसिसच्या जुन्या पेशंटवर मोठा अभ्यास छापून आला, त्यात सीपॅपमुळं पुढचे हार्ट अटॅक कमी झालेले दिसले नाहीत. बीपीसुद्धा सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतं, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण त्याच अभ्यासात लोकांची दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं होतं. निम्मी रात्र मास्क लावून उरलेली निम्मी, जिच्यात पहाटेची स्वप्नांची झोप येते आणि अ‍ॅप्निया बऱ्याच जणांना तेव्हाच जास्त होतो, तशीच काढली तर फायदा कुठून दिसणार, असं माझं मत, डॉक्टर लोक यावर अजून वाद घालतात. म्हणून रात्री निदान ४ तास हा आकडा सगळीकडं ऐकू येतो. ती पासिंगची ओळ समजा, डिस्टिंक्शनची नाही.

मला स्वतःला फरक सहाव्या दिवशी कळला. रात्रभर नुसती स्वप्नं, शाळेतले मास्तर, मेलेली आजी, गोदावरीचा पूर. कित्येक वर्षं तुटत आलेली स्वप्नांची झोप शरीर वसूल करतं म्हणे. आणि सकाळी लक्षात आलं की रात्रीतून एकदाही बाथरूमला उठलो नाही. मशीनच्या स्क्रीनवर एएचआय ३ दाखवत होतं.

माझा सेलूचा चुलतभाऊ, आण्णा, त्याचं मशीन दीड वर्षापासून माळ्यावर होतं. "घातलं की गुदमरल्यासारखं व्हायलंय," एवढंच म्हणायचा. मागच्या रविवारी मी जाऊन डबा खाली उतरवला, मास्क काढून बघतो तर लार्ज साईझ, आणि आण्णाचा चेहरा म्हणजे बोराएवढा. मिडियम मागवला, गुरुवारी आला. काल सकाळी फोन, "आरं, चार तास धा मिनिटं दाखवायलंय!" मी म्हणलं वा. "वा काय वा, पोट फुगून ढोल झालाय, ढेकरावर ढेकर यायलेत." हवा गिळली जाते काही जणांकडून, दाब जास्त असला की होतं ते. सोमवारी त्याला घेऊन डॉक्टरकडं चाललोय, दाब एखादा पॉइंट उतरवतात का बघू.