दुपारपाळीचे वीस मायक्रॉन

चाकणच्या परदेशी कंपन्यांत ‘केटी’ म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर, आपल्याकडचं ज्ञान दुसऱ्याच्या हाती देणं. परदेशातून नेमून आलेल्या एक्सपॅट साहेबाची दोन-तीन वर्षं भरत आली की शेवटच्या पंधरवड्यात केटी उरकायची, पीपीटी करायची, सह्या घ्यायच्या, केक कापायचा. पुण्यात हा व्यवहार साठ-सत्तर वर्षं चालू आहे. पूर्वी त्याला नाव नव्हतं आणि केकही नव्हता.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं. कंपनी सरकारी, तंत्र बाहेरचं. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागलं, आणि काही वर्षांनी तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध स्वतः शोधून काढलं. शिकणारा नुसता शिकत बसला नव्हता.

साठचं दशक करारांचं. आकुर्डीत बजाज पियाज्जिओच्या परवान्यावर स्कूटर बनवत होती, १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली, आणि दापोडी ते चिंचवड पट्ट्यात सँडविक, एसकेएफ, अ‍ॅटलास कॉप्को अशी स्वीडिश नावं दिसू लागली. तंत्राच्या करारांना मुदत असे, हे महत्त्वाचं. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डायम्लर-बेन्झशी १९५४ चा करार १९६९ मध्ये संपला, बजाजचा पियाज्जिओशी १९७१ मध्ये. पाहुणा जाणार ही तारीख ठाऊक असली की विद्यार्थी वेगळाच अभ्यास करतो. टेल्कोचा पुण्यातला कारखाना उभारताना सुमंत मुळगावकरांनी आधी माणसं शिकवली, यंत्रं आणि हत्यारं घडवणारा विभाग उभा केला. इथली पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली थेट १९७७ मध्ये. मधल्या काळात १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलन कायद्यानं बहुतेक कंपन्यांतला परदेशी भागभांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणला, आणि खुर्च्यांवर देशी साहेब आले.

१९९१ नंतर चित्र उलटलं. मर्सिडीज-बेंझ टेल्कोच्या भागीदारीत आली, पण २००९ मध्ये चाकणला सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना सर्वस्वी त्यांचाच. आता करार संपण्याची धास्ती नाही. मुदत उरली ती फक्त एक्सपॅटच्या नेमणुकीला. मला वाटतं, शिकण्याची घाई तिथेच संपली.

मधल्या काळात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवनातून जर्मन शिकलेली पोरं दुभाषी म्हणून कारखान्यांत शिरली होती. जर्मनमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे, हे आपल्या लोकांना चटकन पटायचं. इंग्रजीत सगळेच ‘यू’, त्यात काय मजा!

ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं या प्रश्नाकडे व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी पाहिलं ते बहुधा मुख्यालयाच्या खिडकीतून. एडस्ट्रॉम आणि गालब्रेथ यांनी १९७७ मध्ये अधिकारी परदेशी पाठवण्याची तीन कारणं मांडली: रिकामी जागा भरणं, त्या अधिकाऱ्याला तयार करणं, आणि ओळखीपाळखीतून दूरच्या शाखा जोडून ठेवणं. शुलान्स्की यांनी १९९६ मध्ये दाखवलं की एकाच कंपनीतलं ज्ञान अडतं ते इच्छेअभावी कमी. घेणाऱ्याची तयारी, नेमकं कशानं जमतं याचा न लागलेला उलगडा आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांतलं अवघडलेलं नातं, ही कारणं मोठी. शेवटचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय.

भोसरीत मी ट्रेनी होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) १०० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक. मशिन लावून देणारे आमचे सेटरकाका दुपारपाळीला तो वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा ठेवायचे. नव्या जर्मन साहेबानं नोंदी पाहिल्या आणि म्हणाला, ही शिस्त नव्हे. काकांना इंग्रजी बेताचं, मला जर्मन शून्य, आणि दुभाषी मुलीला बोअर म्हणजे काय ते माहीत नाही. तीन दिवस काकांनी त्याच्या सांगण्यानुसार माप ठेवलं, तीन दिवस दुपारचा माल स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या थंड खोलीत, नापास झाला. चौथ्या दिवशी साहेब पाळीभर मशिनपाशी उभा राहिला. मग स्वतःच कागदावर हिशेब मांडला: माप धरायचं २० अंशांना, शेडमध्ये मे महिन्याचे ३८, आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. पोलादी गेजनं (मापकानं) शेडमध्ये बरोबर भरलेला बोअर थंड खोलीत वीसेक मायक्रॉन लहान भरणारच. काकांनी तो कागद पाहिला, मान डोलावली आणि चहा मागवला.

तो हिशेब प्रोसेस शीटमध्ये, म्हणजे कामाच्या अधिकृत पत्रकात, चढला नाही. शीट बदलायची तर मंजुरी मुख्यालयाची. साहेब दोन वर्षांनी गेला. केटीच्या स्लाइड्स चाळीस, त्यांत काका कुठेच नाहीत. नव्या साहेबानं पहिल्याच आठवड्यात नोंदी मागवल्या. काकांनी खिशातून वही काढून मला दिली, “तूच सांग बाबा.” त्यात मराठीत एकच ओळ अधोरेखित होती: मे, दुपारपाळी, अधिक वीस.