थॉमसन, स्टेन, एमपी ४०, पीपीएसएच की ओवेन? १:१६ किट घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या आमच्या किटमध्ये पाच प्रकारच्या सबमशीनगन मिळतात: अमेरिकन थॉमसन, ब्रिटिश स्टेन, जर्मन एमपी ४०, सोव्हिएत पीपीएसएच आणि ऑस्ट्रेलियन ओवेन. सगळ्या भरीव रेझिनच्या आहेत, एकही भाग हलत नाही. ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "यातली सर्वांत चांगली कोणती?" आकृतीच्या हातात योग्य बंदूक द्यायची तर या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत हवे.

पाचही बंदुका पिस्तुलाचे काडतूस वापरतात. जड बोल्ट (काडतूस नळीत ढकलून उडवणारा पोलादी तुकडा) आणि त्यामागे स्प्रिंग, एवढीच मुख्य यंत्रणा. थॉमसनच्या १९२८ मॉडेलात ब्राँझचा एक जास्तीचा अडसर होता. पुढे तो काढला तरी बंदूक तशीच चालली. म्हणून तुलना करताना मिनिटाला किती गोळ्या एवढाच आकडा पाहू नये. मॅगझिन (गोळ्यांची पेटी), वजन आणि बनवण्याचा खर्च यांतच खरा फरक आहे.

चाप दाबून धरला तर मॅगझिन किती वेळात रिकामे होते, हे आधी पाहा. थॉमसनचे २० गोळ्यांचे मॅगझिन मिनिटाला ७०० च्या वेगाने पावणेदोन सेकंदांत संपते, ३० चे सुमारे अडीच सेकंदांत. स्टेनच्या ३२ गोळ्या साडेतीन सेकंद पुरतात. एमपी ४० च्या ३२ गोळ्या जवळपास चार सेकंद, कारण तिचा वेग ५०० च्या आसपासच आहे. पीपीएसएच मिनिटाला ९०० चा वेग गाठते, पण ७१ गोळ्यांच्या ड्रममुळे (गोल डब्यासारख्या मॅगझिनमुळे) पावणेपाच सेकंद टिकते. तिलाच ३५ गोळ्यांचे वाकडे मॅगझिन लावले की सव्वादोन सेकंदांत काम आटोपते.

स्टेनबद्दल थोडे सविस्तर, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. ती घडवणारे शेफर्ड आणि टर्पिन यांची आद्याक्षरे व एन्फिल्ड कारखाना यांवरून हे नाव आले. १९४१ मध्ये ब्रिटनला स्वस्त आणि झटपट बनणारी बंदूक हवी होती. पोलादी नळी, दाबलेला पत्रा आणि वेल्डिंग यांवर ती उभी राहिली. एमके २ (दुसरी आवृत्ती) चे वजन जेमतेम ३ किलो. एमके ३ तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने बनवली, हे मॉडेलकारांना आवडेल. दोष मॅगझिनमध्ये होता. गोळ्या दोन रांगांत वर येतात आणि तोंडाशी त्यांची एकच रांग होते. तिथे घर्षण वाढते. थोडी माती गेली किंवा तोंडाचा वळवलेला पत्रा किंचित वाकला की गोळी अडते. म्हणून सैनिक ३२ ऐवजी २८ ते ३० गोळ्याच भरत. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखच्या गाडीसमोर त्याला मारायला आलेल्या योझेफ गाब्चीकची स्टेन ऐनवेळी चाललीच नाही. दुसरा धोका असा की भरलेली बंदूक दणकन आपटली तर बोल्ट सुटून गोळी उडू शकते.

आकृती जोडताना स्टेनचे डावीकडे आलेले मॅगझिन मुठीत धरलेले दाखवू नका. तसे धरल्याने मॅगझिन हलते आणि गोळी अडकते. डावा हात नळीभोवतीच्या भोकांच्या आवरणावर ठेवा.

एमपी ४० ला लोक 'श्मायसर' म्हणतात, पण तिचा आराखडा बंदुकांचा रचनाकार ह्यूगो श्मायसर याचा नव्हता. ती एर्मा कारखान्यातून आली. हळू वेग आणि जवळपास ४ किलो वजन यांमुळे ती हातात स्थिर राहते. दस्ता घडी केल्यावर लांबी ८३३ वरून ६३० मिमी होते, म्हणजे आपल्या मापात ५२ वरून ३९ मिमी. मॅगझिनचा दोष मात्र स्टेनसारखाच. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या हाती ही बंदूक देणे चूक आहे. तुकडीत बहुतेकांकडे रायफल असे, एमपी ४० मुख्यतः तुकडीप्रमुखाकडे. खालचा भाग बॅकेलाइटचा, म्हणून त्याला गडद तपकिरी रंग द्या.

रचनाकार श्पागिनची पीपीएसएच आमच्या मते शहरी लढाईसाठी सर्वांत समर्थ. नळीला आतून क्रोमचा मुलामा, आणि गोळी ७.६२ मिमीची वेगवान. ड्रम भरणे मात्र वेळखाऊ. शिवाय सुरुवातीचे ड्रम एका बंदुकीचे दुसरीला नीट बसत नसत. वाकडे मॅगझिन १९४२ पासून आले, म्हणून १९४१ च्या मॉस्कोच्या देखाव्यात ड्रमच लावा.

चिखलात सर्वांत भरवशाची ओवेन. मॅगझिन वर असल्याने गोळीला खाली यायला गुरुत्वाकर्षणाची मदत होते, रिकामे कवच खाली पडते, आणि बोल्ट ओढण्याची मूठ वेगळ्या कप्प्यात असल्याने माती आत शिरत नाही. न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तिला उगाच जीव लावला नाही. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंग तिला शोभतो आणि इतिहासालाही धरून आहे.

थॉमसन घडणीला सर्वांत सुबक, पण जड आणि महाग. १९२८ए१ रिकामी असतानाच ४.९ किलोची. १९३९ मध्ये किंमत सुमारे २०९ डॉलर. साधी केलेली एम१ए१ १९४४ मध्ये ४५ डॉलरवर आली. किटमध्ये दोन्ही आहेत. बोल्टची मूठ वर असेल तर १९२८ए१, उजव्या बाजूला असेल तर एम१ए१. एम१ए१ ला ड्रम बसतच नाही, तो चिकटवू नका.

जोडणीआधी भाग भांडी घासायच्या साबणाने धुवा, नाहीतर रंग सुटतो. नळी वाकलेली आली असेल तर कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या आकृतीसाठी थॉमसन घ्या. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी पहिले मशीनगनचे ठाणे टॉमी गननेच, म्हणजे थॉमसननेच, गप्प केले. हाताला जखम झाल्यावर ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकटे ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमी गनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी ठार केले. त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वर दिलेले पावणेदोन ते अडीच सेकंद इथे समजतात, आणि लाकडी दस्त्याचे ते जड वजनही.

घाडगे यांची आकृती करणाऱ्यांनी किटमधील 'आवळलेली मूठ' हा हाताचा सुटा भाग वापरावा आणि सरळ मॅगझिन बंदुकीतच चिकटवावे. ड्रम नको, तो जड, आणि चालताना आतल्या गोळ्या खुळखुळतात.