आठवा दिवस : ज्यू घरातल्या मुलाची सुंता, मागचा इतिहास

आपल्याकडे बारशाची तारीख सोयीने ठरते, रविवार बघायचा, हॉल मिळतो का बघायचं, नाहीतर मावशी येईपर्यंत थांबायचं. ज्यू घरात मुलगा झाला की ही मुभाच नसते. सुंता, म्हणजे हिब्रूत ब्रित मिला, आठव्याच दिवशी आणि तीही दिवसाउजेडी. जागा, माणसं, हत्यारं, जेवण हे सगळं काळाप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलत गेलं, दिवस मात्र जिथल्या तिथे राहिला.

ह्याचं मूळ ज्यूंच्या तोरा ह्या धर्मग्रंथातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती अध्याय 17. देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून सुंता सांगतो. अब्राहाम तेव्हा 99 वर्षांचा आणि इश्माएल 13 वर्षांचा, त्यामुळे आठव्या दिवशी सुंता झालेला पहिला मुलगा म्हणजे इसहाक.

आता हा आठवा दिवस मोजायचा कसा, इथे खरी गंमत आहे. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि जन्माचा दिवस पहिला धरतात. म्हणजे बाळ मंगळवारी दुपारी आलं तर सुंता पुढच्या मंगळवारी, पण मंगळवारीच रात्री आठला आलं तर बुधवारी. शनिवार हा शब्बाथ, काम बंद, तरी बाळ शब्बाथलाच नैसर्गिकरीत्या जन्मलेलं असेल तर सुंता शब्बाथलाच होते, सिझेरियन असेल तर रविवारी. आणि शुक्रवारी ऐन तिन्हीसांजेला जन्मलं तर शुक्रवार की शनिवार हेच नक्की नाही, मग संशयावर शब्बाथ मोडायचा नाही म्हणून तेही रविवारी. ह्यावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, पानंच्या पानं चर्चा करून ठेवलीय.

पण बाळाच्या तब्येतीपुढे ह्या दिवसाचंही काही चालत नाही. बाळ पिवळं पडलेलं किंवा आजारी असेल तर थांबायचं, आणि मोठं आजारपण असेल तर बरं झाल्यावर आणखी सात दिवस. तालमूद ह्या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात तर असंही आहे की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली तर तिसऱ्याची करू नये. हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार, हे नाव यायच्या कितीतरी शतकं आधीची ही गोष्ट, आणि मला वाटतं ह्या सगळ्या नियमांत सगळ्यात शहाणा नियम हाच.

इसपू 167 च्या सुमारास अँटायोकस चौथा ह्या राजाने सुंतेवर बंदी घातली, करणाऱ्यांना मारलं, आणि त्यातूनच मॅकाबी ह्या ज्यू घराण्याचं बंड पेटलं. पुढे रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातही बंदी आली. ती इसवी सन 132 च्या बार कोखबा ह्या ज्यूंच्या रोमविरोधी उठावाआधी की नंतर ह्यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याच्यानंतरच्या अँटोनायनस पायसने ज्यूंना आपल्या मुलांपुरती परवानगी दिली.

समारंभात एक खुर्ची रिकामी ठेवतात, ती एलियाहू संदेष्ट्याची. लोकांनी करार सोडला अशी तक्रार त्याने देवाकडे केली होती, तेव्हा आता प्रत्येक सुंतेला तूच साक्षीला हजर राहा असं त्याला सांगितलं गेलं, अशी ती कथा. बाळाला मांडीवर घेणारा तो सांदेक, हा मान बहुतेक आजोबांचा, आणि सुंता करणारा तो मोहेल. नाव त्याच वेळी सगळ्यांसमोर जाहीर होतं, म्हणून बरेच जण तोवर नाव बाहेर सांगतच नाहीत.

आता आपल्या कोकणाकडे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ह्यांची परंपरा अशी की पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, मोजके वाचले आणि पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. हिब्रू विसरली, सण अर्धेमुर्धे राहिले, बोली मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. तरी टिकलं काय, तर शब्बाथ, शेमा ही प्रार्थना, खाण्यातले काही नियम आणि आठव्या दिवशीची सुंता. पुस्तक नसताना! डेव्हिड राहाबी नावाच्या माणसाने ह्याच खुणांवरून त्यांना ज्यू म्हणून ओळखलं असं सांगतात, आणि त्याने शिकवून तयार केलेल्या घराण्यांना काजी म्हणायला लागले, लग्न नि सुंता हेच लोक लावायचे. स्वतःचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, व्हायला मात्र 1796 उजाडलं, मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं ते, मग अलिबाग, ठाणे वगैरे.

एलियाहू तर ह्या लोकांचा अगदी घरचाच. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर खूण दाखवतात, त्याच्या रथाच्या घोड्याची. सुंता असो, लग्न असो नाहीतर नवस, मलिदा ठरलेला: भिजवलेले पोहे, त्यात गूळ आणि खोवलेला नारळ, वेलची, ताटात वरून फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं (हन्नाबी म्हणजे संदेष्टा) गाणं म्हणून मगच वाटप.

1950 च्या आसपास हा समाज साधारण 20 हजार होता, पुढे बहुतेक कुटुंबं इस्राएलला लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत गेली. तिथे मोहेल हवा तेव्हा मिळतो, हॉल मिळतात, केटरर मिळतात, आणि तरीही बऱ्याच घरांत मलिद्याचं ताट घरचीच बायकामंडळी लावतात, पोहे जास्त भिजले की कमी ह्यावर चर्चा करत.