इंग्लंडमधली ‘सिटी’ म्हणजे मोठं शहरच?

‘इंग्लंडमध्ये टाउनची वस्ती वाढली की त्याची आपोआप सिटी होते,’ असं सामान्यज्ञानाच्या फॉरवर्डमध्ये असतं. तसं होत नाही. हा दर्जा राजा किंवा राणीकडून मिळतो. म्हणून 10-12 हजार वस्तीचं वेल्स (सॉमरसेटमधलं गाव, देश नव्हे!) सिटी आहे आणि दोन लाखांवरचं नॉर्थॅम्प्टन टाउनच. सिटी व्हायला कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) हवंच, हेही खरं नाही: बर्मिंगहॅमला 1889मध्ये दर्जा मिळाला तेव्हा तिथे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचं (चर्च ऑफ इंग्लंडचं) कॅथेड्रल नव्हतं, ब्लॅकबर्नमध्ये ते असूनही ते टाउन आहे.

पडताळायचं तर सिटींची सरकारी यादी 2021च्या जनगणनेशेजारी ठेवा. हद्द मात्र नीट बघा. ‘सिटी ऑफ लंडन’ची वस्ती नऊ हजारांच्या आत दिसेल, कारण तो महानगराचा जेमतेम चौरस मैलभर जुना गाभा आहे.